समोरून येणारी सायकल

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या पांढुर्ण्यात संत्री आणि परीक्षा एकदमच येतात. सकाळी शाळेला निघावं तर मोठ्या रस्त्याच्या कडेला ट्रक लागलेले असतात, त्यांत कॅरेट चढत असतात, आणि चाकाखाली चेंगरलेल्या एखाद्या संत्र्याचा वास गार हवेत असा काही उभा राहिलेला असतो की स्कूटी आपोआप हळू होते. गल्लीगल्लीतून पाठांतर ऐकू येतं. गाव हिंदी राज्यातलं, त्यामुळे आमच्याकडची मुलं भांडतात मराठीत आणि उत्तरं पाठ करतात हिंदीत. तोच आवाज, तोच वास, आणि दुपारी एकाएकी तापणारं ते ऊन. दरवर्षी हे सगळं परत आलं की माझ्या डोक्यात एक जुना गोंधळही परत येऊन बसतो.

काल पाचवीच्या वर्गात रस्ता सुरक्षेचा धडा घेत होते. फळ्यावर लिहिलं, सायकल नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवावी. हिंदी शाळा, म्हणून हिंदीतूनच लिहिलं. वाक्य लिहून झालं आणि मी त्याच्याकडे पाहत उभी राहिले. त्या वाक्यात काही चूक नाही. मी स्वतः ते वर्षानुवर्षं शिकवते आहे, आणि कोणी विचारलं तर आजही तेच सांगेन. तरी खडू हातात तसाच राहिला, आणि शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आगे?"

पुढे काय, ते मला खरंच कळत नव्हतं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतरच्या एका हंगामाची ही गोष्ट. मोठा रस्ता रुंद झाला, मधोमध डिवायडर आला. आधी हा रस्ता म्हणजे एक वाहतं अंगणच होतं. ज्याला जिकडून जमेल तिकडून तो जायचा, आणि समोरचाही तसाच येत असल्यामुळे सगळेच जरा सांभाळून असायचे. डिवायडर आला आणि एका रस्त्याचे दोन झाले. इकडचा फक्त जाणारा, तिकडचा फक्त येणारा. गाड्यांना वेग आला. आणि त्या वेगाच्या नेमकी उलट, रोज सकाळी, माझी मोठी बहीण सायकलवरून यायला लागली. म्हणजे ती आधीपासूनच तशी यायची. डिवायडर आल्यावर ते लोकांना दिसायला लागलं.

मंदाताई माझ्याहून बरीच मोठी. ब्लाऊज शिवते, साड्यांना पिको-फॉल करते. शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं कॅरिअरला बांधून घरोघर पोचवते, नवे कपडे घेऊन येते. चाळिशीत एकदा ती तापानं फणफणली, आणि ताप उतरला तेव्हा जाताना तो थोडा थोडा आवाजही घेऊन गेला. आधी भांड्यांचा, मग पाखरांचा, मग आमचा. आता समोर तोंड करून, ओठ नीट हलवून बोललं तर तिला सगळं कळतं. पाठीमागून तुम्ही तोफ डागली तरी ती सुईत दोरा ओवत बसेल. कानाचं मशीन आणून पाहिलं होतं. घरात ते बरं चालायचं. रस्त्यावर नेलं त्या दिवशी तिनं ते काढून माझ्या हातात ठेवलं.

"सगळे हॉर्न डोक्याच्या मधात वाजते व," ती म्हणाली. "कोणता मागचा, कोणता समोरचा, काहीच समजत नाही. त्यापेक्षा बहिरी बरी. निदान चक्कर तं येत नाही."

म्हणून ती रस्त्याच्या उजव्या बाजूनं सायकल चालवायची. जाताना उजवी कड, येतानाही उजवी कड. समोरून येणारी प्रत्येक गाडी तिला दिसायची, आणि दिसली की ती कडेला दबून उभी राहायची. तिच्या लेखी हिशेब सरळ होता. "मागून येणारं मले ऐकू येत नाही. समोरून येणारं दिसते तरी."

लोक ओरडायचे. मोटरसायकलवाले हात झटकायचे, ट्रकच्या क्लीनरनं खिडकीतून अर्धं बाहेर येऊन काहीबाही म्हणावं, भाजीवाल्या बायांनी "ओ बाई, उल्टी साइड, उल्टी साइड" करून गलका करावा. ताईला त्यातलं काही ऐकू यायचं नाही, पण तोंडं दिसायची. एकदा ती मला म्हणाली, "सारं गाव मले पाहून काहीतरी बोलते. चांगलंच बोलत असन असं समजून मी मान हलवते." ती खरंच मान हलवायची. समोरून एखादा शिव्या घालत येतोय आणि ही सायकलवरून त्याला नमस्कारासारखी मान हलवते आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हसावं की तिला थांबवावं, मला कळलं नाही. मी स्कूटी बाजूला घेऊन नुसती उभी राहिले.

मला सायकल शिकवली तीही ताईनंच. आमचं माहेर रामाकोन्याजवळचं. घरामागून नदीकडे एक पांदण जायची, दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे, आणि बाबांची ती भली उंच, दांडीची सायकल. दांडीखालून पाय घालून कैची मारत मी चालवायची आणि ताई कॅरिअर धरून मागे धावायची. "मागं पाहू नको," एवढंच ती ओरडायची, "मागं मी आहो, तू समोर पाहाय." पांदणीला डावी-उजवी बाजू नव्हती. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या होत्या, त्यातली जी कोरडी असेल ती आपली. समोरून गाडी आली की उतरायचं, सायकल काट्याच्या कुंपणाला टेकवायची, आणि गाडीवाल्यानं "कोणाच्या व तुम्ही पोरी?" असं विचारलं की बाबांचं नाव सांगायचं. रस्त्यावर भेटणाऱ्याशी बोलायचं असतं अशी आमची तेव्हा समजूत होती. बाजू पाळायची असते, हे आम्ही मोठ्या गावातल्या रस्त्यांवर आल्यावर शिकलो. मी शिकले आणि पुढे शिकवू लागले. ताईलाही ते येत होतंच. कान शाबूत होते तोवर तीही डाव्या बाजूनंच जायची, हे आता कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

तर त्या हंगामात, डिवायडर झाल्यावर, भाऊजींनी मनावर घेतलं. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, तहसीलमधून बाबू म्हणून निवृत्त झालेले, नियमाचे माणूस. त्यांनी मोटरसायकलचा एक आरसा आणून ताईच्या हँडलला बसवला. मला घरी बोलावलं, चहा दिला, आणि साक्षीदार करून घेतलं.

"हे पाहा," ते आधी माझ्याशी बोलले, मग ताईसमोर जाऊन ओठ ताणून बोलले, "आता मागचं यात दिसते. आता डाव्या बाजूनं जायचं. रोज कोणी ना कोणी येऊन मले सांगते, तुमची बाई एखाद दिवशी मरन. मी काय ऐकून घ्यायलेच बसलो काय इथं?"

ताईनं आरशात पाहिलं. केस सारखे केले. "आरशात पाहू का रस्त्यात पाहू?" तिनं विचारलं.

"दोन्हीकडं."

"डोये दोनच आहे. दोन्ही एकाच बाजूले वयतात."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरीण, मी काहीतरी ठाम बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हणाले, भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे. मग म्हणाले, ताई म्हणते तेही खरंच आहे. भाऊजी चहाचा कप घेऊन आत गेले.

ताई डाव्या बाजूनं जायला लागली. नवऱ्याचा शब्द म्हणून नाही, त्याच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि ट्रक लागण्याचे ऐन दिवस होते. डाव्या कडेला ओळीनं ट्रक उभे, म्हणजे त्यांना वळसा घालायला प्रत्येक वेळी रस्त्याच्या मधात यावं लागायचं. अशाच एका ट्रकला वळसा घालताना तिनं आरशात पाहिलं. खडबडीत रस्त्यावर आरसा थरथरत होता, त्यात नुसतं आभाळ आणि झाडं हलत होती. मागून दोन्ही बाजूंना कॅरेट बांधलेली मोटरसायकल येत होती. चालवणाऱ्यानं हॉर्न दिला. खूप दिला. जमलेल्या प्रत्येकानं नंतर हे सांगितलं, आणि ते खरंच होतं. कॅरेटचा कोपरा ताईच्या खांद्याला लागला आणि ती सायकलसकट पडली.

मी पोचले तेव्हा ताई पानठेल्याच्या बाकावर बसली होती, गुडघा फुटलेला, खांदा धरलेला. रस्ताभर संत्री. तो मोटरसायकलवाला बिचारा पांढराफटक पडला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "हॉर्न देलता ना मी! किती हॉर्न देलता!" ताई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिला एवढंच कळत होतं की हा माणूस घाबरला आहे. तिनं पदरानं गुडघा पुसला आणि त्याला म्हणाली, "काही नाही झालं बापा. संत्री उचल पहिले, नाहीतर चेंगरतीन."

घरी आल्यावर मात्र ती रडली. दुखण्यानं रडली असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "धक्का लागला तेव्हा मले समजलंच नाही काय झालं म्हणून. झाड पडलं का भिंत पडली. मारणाऱ्याचं तोंडही आधी दिसलं नाही व. असं मरण नको मले. समोरून आलं तं आलं, पाहून तं घेईन."

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी पाना घेतला आणि आरसा काढून टाकला.

इथंवर मला वाटत होतं की मला समजलं आहे. नियम ऐकू येणाऱ्यांसाठी केलेला आहे, आणि ताईनं आपल्यापुरता दुसरा केला आहे, एवढं साधं. शाळेत सहशिक्षिकांशी मी तावातावानं हे बोललेसुद्धा. कोणाला पटलं, कोणाला नाही. मी मात्र त्या दिवसांत खूप वर्षांनी एखाद्या गोष्टीबद्दल ठाम होते, आणि ते बरं वाटत होतं.

ताईचा गुडघा बरा झाला आणि ती पुन्हा उजव्या कडेनं निघाली. त्याच आठवड्यात प्राची पडली.

प्राची बारावीची. मी तिला तोवर ओळखतही नव्हते. ट्यूशनहून सायकलनं गल्लीतून मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आली, जिकडून गाड्या येतात तिकडे नीट पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, आणि निघाली. ताई दुसऱ्या बाजूनं येत होती. ताईला ती दिसली होती. तिची वेणी दिसली, दप्तर दिसलं. ताईनं ब्रेक दाबला, घंटी वाजवली. "घंटी वाजली का नाही, ते मले नाही माहीत," ती नंतर म्हणाली. "माहं बोट वाजवून राहिलं होतं." शेजारी ट्रकचं इंजिन धडधडत होतं. दोन्ही सायकली एकमेकींत अडकल्या. ताईला खरचटलंही नाही. प्राची उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं. बोर्डाची परीक्षा अगदी तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाली, "चाल, त्याइच्या घरी जाऊ."

मी म्हटलं, दोन दिवस जाऊ दे. ती थांबली नाही.

प्राचीची आई दारातच भेटली. आत पलंगावर मुलगी, हाताला प्लास्टर, मांडीवर उघडं पुस्तक. आईनं ताईला ओळखलं आणि तिचा तोल गेला. रागात माणूस भराभरा बोलतो, इकडेतिकडे वळतो, हात उडवतो. तशी ती बोलत सुटली. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती वळली की ताईही वळायची, पुन्हा तिच्या तोंडासमोर यायची. आईला ते आगाऊपणाचं वाटलं असावं, ती आणखी चिडली. शेवटी ताईनं हात जोडले.

"माय, मले ऐकू येत नाही. तुमचे ओठ पाहून समजते. माह्याकडं तोंड करून बोला, हळू बोला. पण काही सोडू नका. सगळं बोला."

ती बाई थबकली. राग तर होताच, आणि तो हक्काचा होता. पण आता तो एकेक शब्द करून, समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाहत सांगायचा होता. तिनं सुरुवात केली. "तुम्ही... उलट्या बाजूनं... काहून येऊन राहिल्या होत्या?"

"मागून येणारं ऐकू येत नाही म्हणून. समोरचं पाहून चालते."

"मंग माह्या पोरीनं काय करावं? जिकडून गाड्या येते, तिकडंच पाहीन ना ते!"

ताईच्या कपाळाला आठी पडली. "एकदा अजून सांगा."

त्या आईनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज उतरला होता. रागाचं वाक्य हळू आणि दोनदा म्हणावं लागलं की त्यातला राग कुठेतरी सांडतो, आणि खाली नुसता प्रश्न उरतो. माझ्या पोरीनं काय करावं?

ताई म्हणाली, "हाव. बराबर आहे. मी सगळ्याइले पाहून राहिली होती. मले वाटे, मले सगळं दिसते, आता झालं. पण मले कोणी पाहून नाही राहिलं, हे माह्या ध्यानातच नाही आलं."

मी भिंतीला टेकून उभी होते. मागच्या आठवड्यात मी ज्या गोष्टीबद्दल ठाम होते ती गोष्ट त्या खोलीत माझ्या हातातून गळून पडली, आणि तिच्या जागी दुसरी काही मिळाली नाही. डाव्या बाजूनं गेली तर ताईचा जीव जातो. उजव्या बाजूनं गेली तर दुसऱ्या कोणाचा. मग जायचंच नाही का? तर ती कपडे पोचवणार कसे, आणि त्याहून, घरात बसून राहिली तर ती ताई राहणार कशी?

त्या दिवशी निघताना ताईनं प्राचीचा गणवेश मागून घेतला. प्लास्टरवरून कुडत्याची बाही जात नव्हती. पोरगी परीक्षेला काय घालणार, ही चिंता आईला होतीच, पण मोठ्या चिंतांपुढे ती कोणी बोलून दाखवली नव्हती. ताईनं बाही खांद्यापासून उसवली, कडा दुमडून शिवल्या, आणि वरपासून खालपर्यंत टिचबटणं लावून दिली. हात आत ठेवायचा आणि टिचटिच करत बंद करायचं. गणवेश परत द्यायला गेलो तेव्हा आईनं बटणं दोनतीनदा लावून-काढून पाहिली. "चहा टाकते," ती म्हणाली. ताईला ते पहिल्या वेळीच कळलं. परीक्षेत लिहायला शाळेनं नववीची एक मुलगी दिली. प्राची सांगायची आणि ती लिहायची.

एका संध्याकाळी आम्ही तिथं असताना प्राचीचे वडील आले. सौंसरच्या बसवर ड्रायव्हर आहेत. हात-पाय धुऊन बसले, आणि मी त्यांना विचारलं, ताईनं सायकल कोणत्या बाजूनं चालवावी. मला कोणीतरी एकदाचं सांगून टाकायला हवं होतं.

"मॅडम, गाडीत बसल्यावर सांगतो तुम्हाले," ते म्हणाले. "पुढं जाणारी सायकल असली तं मी तिच्या मागं मागं जरा वेळ हळू चालू शकतो. जागा भेटली की निघतो. समोरून आली तं तिचा वेग अन् माहा वेग एकमेकात मिसळते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत ते माह्या पुढ्यात उभी राहते. ते समजते, मी पाहून राहिलो. मी समजतो, ते थांबन. दोघंही समजतच राहतो."

"म्हणजे डावी बाजूच बरी."

"सायकलले डावीच." ते थांबले, डोकं खाजवलं. "पण आता मी तिगावाकडं शेतात पायी जातो ना, तं उजव्या बाजूनं जातो. पायी चालणाऱ्यानं तसंच जावं म्हणते. समोरचं दिसलं पाहिजे. मंग सायकलवर बसलेल्या माणसाले काहून नाही दिसलं पाहिजे, ते काही मी सांगू नाही शकत. अन् यांच्यासारखं ऐकू येत नसन, तं मी स्वतः कोणत्या बाजूनं गेलो असतो, तेही देवच जाणे." मग त्यांनी ताईकडे पाहून तेच सगळं पुन्हा हळू सांगितलं. ताईनं मान हलवली. या वेळी तिला कळून ती हलली होती.

एका रविवारी सकाळी मी ताईची सायकल घेतली. देवघरातल्या वातीच्या कापसाचे बोळे करून कानात घट्ट बसवले, वरून रुमाल बांधला, आणि मोठ्या रस्त्यावर आले. आधी डाव्या बाजूनं. थोड्याच वेळात माझी मान ताठरली. पाठ हा शरीराचा एवढा मोठा भाग आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. ट्रक आल्याचं मला तो शेजारून निघून गेल्यावर, त्याच्या वाऱ्यानं पदर ओढला गेला तेव्हा कळलं. मी सारखी मागे वळून पाहत होते, आणि वळले की सायकल मधात जात होती. डिवायडर जिथं तुटतो त्या पुढच्या कटपाशी उतरले.

मग उलट फिरून उजव्या बाजूनं आले. आणि खरं सांगते, आधी फार बरं वाटलं. सगळं समोर. प्रत्येक गाडी दुरून दिसते, लहानाची मोठी होते, बाजूनं जाते. ताईला हे का हवं असतं ते माझ्या हातापायांना समजलं. पण गाड्यांमधली माणसंही दिसत होती. त्यांच्या चेहऱ्यांवर मी म्हणजे एक अडचण होते. आणि एका गल्लीच्या तोंडाशी गाडीला दुधाच्या कॅन लावलेला एक माणूस बाहेर आला. तो पलीकडे पाहत होता. त्यानं जिकडे पाहायला हवं तिकडेच तो पाहत होता. मला त्याची फक्त पाठमोरी मान दिसली, आंघोळीचं पाणी न वाळलेली. मी ब्रेक दाबला, सायकल तिरपी झाली, तो चमकून वळला आणि काहीतरी बोलला. कापसामुळे ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

घरी येऊन बोळे काढले. एकाएकी कुकरची शिट्टी, कावळे, शेजारच्या मुलीचं पाठांतर, सगळं आत घुसलं. उत्तर मिळालं नव्हतं. दोन्हीकडची भीती मात्र आता माझ्या ओळखीची झाली होती, आणि त्या दोन भीती एकमेकींशी कशा तोलायच्या ते कोणत्याच धड्यात नव्हतं.

परीक्षा संपली, ट्रक गेले, उन्हाळा आला. ताईची सायकल बरेच दिवस ओसरीत उभी होती. तिला कोणी अडवलं नव्हतं. भाऊजींनी तर एकदा स्वतःच हवा भरून ठेवली. मग एका सकाळी ती निघाली, आणि तिनं काय केलं तर आतल्या गल्ल्यांनी, वळसे घेत, सायकलवर बसून गेली, आणि गल्ल्या संपून मोठा रस्ता लागला तिथं खाली उतरली. सायकल हातात धरून उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालू लागली. गल्लीचं तोंड आलं की थांबायची, आतून येणाऱ्यानं आपल्याला पाहिलं याची खात्री झाली की पुढे. वेळ दुप्पट लागतो. मागे गिऱ्हाइकांची कुरकुर झाली, आता झाली सवय.

मला हे अजून नीट पचलेलं नाही. तीच बाई, तीच कड, तोच रस्ता. सीटवर बसली की चूक, आणि उतरून उभी राहिली की बरोबर. ती सुरक्षित आहे का? आधीपेक्षा आहे असं वाटतं. मग परवासारखा एखादा ट्रक कडेला घासून जातो आणि तेही वाटेनासं होतं. प्राची आता छिंदवाड्याला शिकते. सुट्टीत आली की भेटते. गल्लीतून निघताना ती दोन्हीकडे पाहते, आणि मीही. नियमानं एकाच बाजूला पाहिलं तरी पुरतं. आम्हाला पुरत नाही.

परवा संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मी ताईसोबत त्या रस्त्यावरून चालत होते. ती सायकल धरून, मी बाजूला. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. इतक्या दिवसांच्या विचारातून मला काहीतरी सुचलं होतं, दोन बाजूंबद्दलचं, नीट मांडता येईलसं. पण ताईशी बाजूबाजूनं चालत बोलता येत नाही. तिला ओठ दिसावे लागतात. म्हणून मी दोन पावलं पुढे होऊन तिच्याकडे तोंड केलं आणि उलटी, मागे मागे चालत सांगू लागले. येणाऱ्या गाड्यांकडे माझी पाठ होती. गाड्यांचे आवाज येत होते, पण कोणता आवाज केवढ्या अंतरावरचा, ते मी बोलण्याच्या भरात सोडून दिलं होतं. ताई माझ्या ओठांकडे पाहत होती. मग तिची नजर क्षणभर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली, आणि तिच्या डोळ्यांत मला दोन बारके दिवे दिसले.

तिनं एक हात सायकलवरून काढून माझं कोपर धरलं आणि मला कडेला, आपल्या अंगाशी ओढलं. ट्रक गेला. संत्र्यांचा वास आणि धूळ आमच्या अंगावर बसली. तिनं माझ्या केसातला काडीकचरा झटकला, मला पुन्हा आपल्या समोर नीट उभी केली, आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली.

"हं," ती म्हणाली, "आता सांग. काय म्हणून राहिली होती तू?"

मी तोंड उघडलं. मला काहीच आठवेना.